आमदारांना भेटायची वेळ

आमच्या गावात माणूस ऐंशीचा झाला की सरपंच टोपली घेऊन दारात येतो. टोपलीत धुरावलेलं मांस, मध, वाइनची बाटली. वर्तमानपत्रवाला फोटो काढतो आणि दोघं दहा मिनिटांत पसार. माझा मुलगा कोर्बिनियान सरपंच होता तेव्हा तासभर बसायचा. कुणाचा मेलेला नवरा, कुणाची न येणारी सून, सगळं ऐकून घ्यायचा.

सव्विसाव्या वर्षी तो ग्रामपंचायतीत निवडून आला आणि वरच्या वाडीच्या पाण्यासाठी भांडला. मग अठरा वर्षं सरपंच, मग आमदार होऊन म्युनिकला. विरोधक म्हणायचे, हा म्हाताऱ्यांकडे केक खाऊन निवडून येतो. खात असेल. त्यांना कुणी अडवलं होतं?

माझ्या ऐंशीव्याला तो येणार का, हे मी विचारलं नाही. पोटच्या मुलाला काय आमंत्रण द्यायचं? बेकरीत वाल्बुर्गाने मुद्दाम विषय काढला.

"क्रेसेन्स, कोर्बिनियान येतोय ना गं?"

"न येऊन जातोय कुठे? तुझा येत नाही म्हणून सगळ्यांचे तसलेच असतात का?"

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी टपालवाल्याने एक पाकीट दिलं. वर सरकारी सिंह छापलेला. ‘आदरणीय श्रीमती आयग्नर, आपल्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. आपल्या पिढीने हा प्रांत उभा केला.’ खाली कोर्बिनियानची सही, तीही छापलेली. मतदारसंघात ऐंशी झालेल्या प्रत्येकाला त्याच्या कचेरीतून हेच पत्र जातं. इकडे आयग्नर ढिगाने आहेत, कारकुनाला काय कळणार कोण कुणाची आई.

नवा सरपंच टोपली ठेवून म्हणाला, "आमदारसाहेब दिसत नाहीत?"

"कामात आहेत," मी म्हटलं. केक कापलेला तसाच राहिला.

संध्याकाळी फोन आला. "आई, अंदाजपत्रकाचं मतदान होतं, निघताच आलं नाही. रविवारी नक्की."

रविवारी कुठल्याशा पुलाचं उद्घाटन निघालं.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: आमदारांना भेटायचे असल्यास शुक्रवारी दोन ते पाच, आधी नाव नोंदवावे. मी तालुक्याच्या गावातल्या त्याच्या कचेरीत फोन लावला.

"विषय काय लिहू, आजी?" पोरीने विचारलं.

"खासगी."

"तीन वाजता या. पंधरा मिनिटं मिळतील."

चर्चला जायचा कोट घालून बसने गेले. माझ्या आधी एक शेतकरी आत होता, शेजाऱ्याच्या कोंबड्यांची तक्रार घेऊन. दार अर्धवट उघडं होतं. "मग बायको काय म्हणाली?" कोर्बिनियान त्याला विचारत होता, अगदी सावकाश. मला बरं वाटलं, आणि त्या कोंबडीवाल्याचा रागही आला.

मी आत गेले तेव्हा तो कागद बघत होता. मग वर बघितलं.

"आई? काय झालं?"

"काही नाही. वेळ घेतलीय."

"अगं, सांगायचंस. गाडी पाठवली असती."

"गाडी नको होती मला."

तो टेबलामागून उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. "बोल."

बसमध्ये चांगली खरमरीत वाक्यं जुळवली होती. पण त्याच्या कानांमागचे केस पांढरे झालेले दिसले. कधी झाले, मला माहीत नव्हतं. मग भलतंच बोलून गेले. म्हटलं, दुपार जाते कशीतरी. जेवायला बसलं की समोर कुणी नसतं, म्हणून रेडिओ लावते, आणि त्यातल्या माणसाला उत्तरं देते. हे मी वाल्बुर्गाला मेले तरी सांगितलं नसतं.

त्याने मध्ये तोंड घातलं नाही. "किती दिवस झाले असं?" विचारलं आणि पेन उचलून कागदावर काहीतरी लिहिलं.

दारावर टकटक झाली. तो उठला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "काय करता येईल ते आम्ही नक्की बघू."

बोलला आणि थांबला. स्वतःचे शब्द त्यालाच ऐकू आले असावेत. कान लाल झाले. "आई, म्हणजे..."

"बघा, साहेब," मी म्हटलं आणि कोटाची बटणं लावली.

बाहेर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. तिला म्हटलं, जा आत, तुझी पाळी आहे.