दाराखालचं ओलं फडकं

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि दूरदेशीच्या टमाले गावातलं एक पत्र्याचं घर डोळ्यांसमोर आणा. जानेवारी महिना आहे. हर्माटान नावाचा कोरडा वारा सुटला आहे. वाळवंटाकडून आलेली बारीक माती सगळीकडे बसते आहे, पापण्यांवर, पाण्याच्या हंड्यात, ताटातल्या तुओच्या, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या, गोळ्यावरसुद्धा. अशा दिवसांत घरोघरी खिडक्या लावून घेतात आणि दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबतात. अकरा वर्षांच्या वुनपिनीच्या घरी हे काम तिचं होतं, आणि ती ते फार चोख करायची.

त्या सोमवारी तिचा थोरला भाऊ नेंदो एक जुना संगणक पुढ्यात घेऊन बसला होता. तीन मोडक्या संगणकांचे भाग जुळवून त्यानं तो चालता केला होता. शुक्रवारी वुनपिनीच्या शाळेत संगणकाची खोली सुरू व्हायची होती, तो तिथे ठेवायचा होता आणि खुद्द गावचे राजे येणार होते. पण संगणकाचं कॅबिनेट पार पिवळं पडलेलं.

"राजांपुढे हे किडक्या दातांचं थोबाड ठेवू?" नेंदो म्हणाला. त्यानं लाल रंगाचे दोन स्प्रे आणले होते.

अंगणात कडुनिंबाखाली शेजारचे सुमानीकाका बसले होते. तीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या होत्या. आता त्यांना एका वाक्यात दोनदा दम घ्यायला थांबावं लागे.

"पोरा, बाहेर रंगव," ते म्हणाले.

"बाहेर? ओल्या रंगावर ही सगळी माती बसेल, काका. लोक म्हणतील, संगणकाला गोवर आलाय!"

"येऊ दे की गोवर. सुकल्यावर..." काकांना ढास लागली.

"तुमच्या गाड्यांचा जमाना गेला, काका!" नेंदो हसत आत शिरला. "वुने, खिडकी लाव. आणि फडकं कोंब, घट्ट!"

वुनपिनीनं फडकं भिजवलं, पिळलं आणि फटीत नीट बसवलं. मातीचा एक कण आत येणार नव्हता.

आतल्या खोलीत त्यांचा पाच वर्षांचा धाकटा भाऊ तियुंबा झोपला होता. त्याला दमा होता. बाहेरची माती सोसत नाही म्हणून आई त्याला या दिवसांत आतच ठेवायची. आत्ता ती बाजारात गेली होती. दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत नव्हती, वर हातभर जागा मोकळी होती. मुलांनो, रंगाच्या वाफेला तेवढी वाट पुष्कळ झाली.

"दादा, डोळे चुरचुरतात रे."

"नव्या वस्तूला वास यायचाच. शुक्रवारी मैत्रिणींत मिरवशील ना, तेव्हा नाही चुरचुरायचे!"

वुनपिनीला हसू आलं. अर्धं कॅबिनेट रंगून झालं. लालभडक, चकचकीत. त्यात तिचं तोंडही दिसत होतं. ते पाहायला ती वाकली, आणि तिला भिंतीपलीकडून शिटीसारखा बारीक आवाज ऐकू आला.

ती धावली. तियुंबा चटईवर उठून बसला होता. तोंड उघडं, ओठ निळसर, आणि बरगड्या आत ओढल्या जात होत्या!

"दादा! तियुंबाला श्वास घेता येत नाहीये!"

नेंदो दाराकडे झेपावला. दार हलेना. फडकं इतकं घट्ट बसलं होतं! वुनपिनीनं ते नखांनी ओढून काढलं तेव्हा कुठे दार उघडलं.

तियुंबा दोन दिवस इस्पितळात ऑक्सिजनवर होता. बुधवारी घरी आला, पण तो पूर्वीचा तियुंबा नव्हता. एरवी अंगणभर हुंदडणारं पोर आता अंथरुणापासून दारापर्यंत आलं तरी भिंत धरून उभं राहायचं. यातून किती भरून येईल ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. आई नेंदोला जेवायला वाढायची, पण त्याच्याकडे पाहायची नाही.

त्याच संध्याकाळी नेंदो कडुनिंबाखाली काकांपाशी जाऊन बसला. वुनपिनी मागे उभी राहिली.

"काका, मातीच्या भीतीनं केलं सगळं," नेंदो म्हणाला.

सुमानीकाका थांबत थांबत म्हणाले, "रंगावर माती बसली, तर वॉटरपेपर, म्हणजे बारीक घासकागद, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासायचा. माती निघते. परवा तेच सांगत होतो तुला." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथं जे बसतं ना पोरा, त्याला वॉटरपेपर नाही. आमचा गॅरेजचा मालकही दारं लावून घ्यायचा. गाडी चकचकीत हवी ना! त्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. खोकला तेवढा माझ्याकडे राहिला."

"फडकं मी लावलं होतं," वुनपिनी हळूच म्हणाली.

"माझ्या सांगण्यावरून," नेंदो म्हणाला. "दुसरा स्प्रे मी उघडणार नाही, काका. संगणक आहे तसाच नेईन. अर्धा लाल, अर्धा पिवळा. कुणी विचारलं तर खरं ते सांगेन."

मुलांनो, चार माणसांत आपली वस्तू चांगली दिसावी असं कुणाला वाटत नाही? पण चकाकीसाठी घराची हवा कोंडू नका. रंग उघड्यावर द्या, नाकातोंडाला मास्क लावा आणि लहानग्यांना दूर ठेवा. वस्तूवरचा डाग पुसता येतो, गेलेला श्वास मागून मिळत नाही.

शुक्रवारी राजे आले. संगणकाच्या खोलीत साठ मुलं उकिडवी बसली होती. राजांसाठी भिंतींना आदल्याच दिवशी तैलरंग दिला होता, आणि माती येऊ नये म्हणून साऱ्या खिडक्या बंद होत्या. राजांचं भाषण सुरू झालं. वुनपिनीच्या नाकात तोच वास शिरला. शेजारची मुलगी डोळे चोळत होती. मागे कुणीतरी खोकलं.

राजे बोलत असताना कुणी उठत नाही. मोठी माणसंसुद्धा नाही.

वुनपिनी उठली. गुरुजींनी डोळे वटारले. साठ मुलांच्या मधून वाट काढत ती भिंतीपाशी गेली आणि तिनं पहिली खिडकी सताड उघडली. वाऱ्याबरोबर माती आत आली आणि नव्या भिंतीवर, अर्ध्या लाल संगणकावर, राजांच्या झग्यावर बसली.

मग ती दुसऱ्या खिडकीकडे वळली.