बारा ते दोन

तंत्रज्ञाने गच्चीवरचं सहावं सौर पॅनल तपासलं आणि मीटर पिशवीत टाकला.

"ताई, सगळी ठणठणीत आहेत."

"मग रोज बारा ते दोन वीज का घटते?" तिने मोबाइलवरचा आलेख त्याच्यापुढे धरला. चढत गेलेल्या रेषेचा माथाच कुणीतरी कुरतडल्यासारखा दिसत होता. "सहा वर्षांत खर्च वसूल होईल म्हणाला होतात. या गतीने पावणेसात लागतील."

"ढग असतील."

"ढग घड्याळ लावून येतात का?"

तो ओशाळून हसला. त्या हसण्याचाही तिला संशय आला. नवऱ्याच्या विम्याची सगळी रक्कम तिने या गच्चीवर लावली होती, तीही सासऱ्यांचा विरोध पत्करून. "उन्हाच्या भरवशावर पैसे टाकतेस?" असं ते म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता.

संध्याकाळी तिने, कामावर प्रयोगशाळेत मांडायची तसे, तीन आठवड्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. फक्त गुरुवारच्या रेषा अखंड होत्या. गुरुवारी दुपारी सासरे गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जात.

तिच्या मनात पाल चुकचुकली. आपलंच खरं करायला बटण बंद करत असतील?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती बाराला घरी आली. चपला हातात घेऊन जिना चढली.

गच्चीवर सासरे धापा टाकत दोन पॅनलांवर जुनी चादर अंथरत होते.

"बाबा!"

ते दचकले, पण चादर सोडली नाही. "ओरडतेस काय? दोनच झाकतो. रोज पाळीपाळीने."

"पण कशासाठी?"

"भर उन्हात वस्तू झिजते गं. पंचवीस वर्षं टिकतील म्हणाला ना तो? मी काही तेवढा टिकत नाही. तुला एकटीला पुरायला नकोत?"

आज न घेतलेलं ऊन उद्यासाठी शिल्लक राहत नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. ते मात्र चादरीचा कोपरा पॅनलखाली नीट खोचत होते.

इतक्यात फोन वाजला. तंत्रज्ञ होता.

"ताई, तक्रार कंपनीकडे पाठवू?"

"नको. कारण सापडलं."

"मग पावणेसात वर्षांचं काय?"

"लागू देत."

फोन पर्समध्ये टाकून तिने वाऱ्यावर फडफडणारं चादरीचं टोक पकडलं.

"बाबा, तुमच्या बाजूने जरा ओढा. सुरकुती राहिलीय."