मधले पान

"चालत नाही," तो म्हणाला आणि आवाजातला आनंद लपवायला उगाच खोकला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेहुण्याने कात्री खाली ठेवली. "डॉक्टरांचा प्रोग्रॅम चालत नाही? भावोजी, नीट टाइप केलात ना?"

"पानावर आहे तसाच. अक्षर न अक्षर."

टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या वेडापायी घरातले तिघे मिळून एक छोटे मासिक काढत. मेहुणा संपादक. त्याची बहीण पाने दुमडून पिना मारी. तिचा नवरा, निवृत्त ग्रंथपाल, मजकूर चिकटवी. प्रोग्रॅमच्या छापील ओळींच्या पट्ट्या कापायच्या, डिंकाने पानावर लावायच्या, मग त्या पानाच्या झेरॉक्स. वाचक तो प्रोग्रॅम घरी ओळीमागून ओळ टाइप करून चालवत. म्हणून नियम एकच होता. लिहिणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी चिकटवलेल्या पानावरून तो आधी टाइप करून पाहायचा. चालला तरच छापायचा.

मधले पान मानाचे. अंक हातात घेतला की आपोआप तेच उघडे. पहिल्या अंकापासून ते ग्रंथपालाचे होते. मग ते दातांचे डॉक्टर लिहू लागले आणि वाचक 'डॉक्टरांचं आणखी छापा' म्हणू लागले. पुस्तकांची सूची लावणाऱ्या ग्रंथपालाच्या प्रोग्रॅमबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. डॉक्टर एकदा घरी येऊन गेले होते. हसतमुख, वर नम्र. राग धरायलाही जागा ठेवली नव्हती त्या माणसाने.

"मग मधल्या पानावर तुमची सूचीच टाकू," मेहुणा म्हणाला. "डॉक्टरांना सांगतो, दात काढता काढता एखादी ओळही काढलीत."

बायको हसली. "काहीतरीच. त्यांचं असं कधी होत नाही."

घासात खडा यावा तसा तो 'त्यांचं' त्याच्या दाताखाली आला.

"माझं होतं वाटतं?"

"तुमचं चालतं हो सगळं," पिन मारत ती म्हणाली. "काय चालतं ते कळत नाही, एवढंच."

डिंकाचे हात धुवायला तो आत गेला. बेसिनवरच्या आरशात स्वेटरच्या कोपरावर काहीतरी पांढरे दिसले. त्याने ते हलकेच सोडवले. बोटभर लांबीची पट्टी. डॉक्टरांच्या प्रोग्रॅममधली एक ओळ. पानावर वाकताना कोपराने उचलली असणार.

नळ चालू होता. बेसिनच्या जाळीतून पट्टी सहज गेली असती. डॉक्टर स्वतःचीच चूक समजले असते, वर माफीही मागितली असती. त्याने पट्टी पाण्याजवळ नेली. एक टोक ओले झाले. जन्मभर त्याने पुस्तकांतून निसटलेली पाने शोधून जागच्या जागी लावली होती. ती कुणी लिहिली होती, आवडली की नाही, हे कधी पाहिले नव्हते.

त्याने नळ बंद केला.

"सापडली," बाहेर येऊन तो म्हणाला. "माझ्याच कोपराला होती."

"घ्या! भावोजी, मधलं पान अंगावर घालून हिंडताय होय!"

त्याने पट्टी जागेवर चिकटवली, ती ओळ टाइप केली आणि प्रोग्रॅम लावला. पडदा काळा झाला. मग ठिपक्यांची एक खिडकी उजळली, तिच्याशेजारी दुसरी, आणि हळूहळू अख्खे घर उभे राहिले. दारात एक बाई आली. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आत गेली. एकेक दिवा मालवला. बस, एवढेच.

बायको कधी उठून मागे आली ते त्याला कळलेच नाही. त्याचे प्रोग्रॅम पाहायला ती आजवर टेबलाच्या या बाजूला आली नव्हती. स्टेपलर हातातच होता.

"अगंबाई! परत लावा ना."

त्याने परत लावला.

"कुणाची वाट बघतेय हो ती?"

ओळ न ओळ त्याच्या बोटांखालून गेली होती, पण त्यात याचे उत्तर कुठेच नव्हते.

"डॉक्टरांना विचारायला हवं," तो म्हणाला. उठून त्याने आपली खुर्ची तिला दिली. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून आपली सूची शेवटच्या पानाच्या मापाने कापू लागला.