रुंद तोंडाचं नोझल

सामानाच्या खोलीची खिडकी जेमतेम दीड हात रुंद होती आणि ताईने तिच्यामागे चौतीस वर्षं काढली होती. पलीकडे वेल्डिंगची लांबलचक शेड. खिडकीतून दिसायचं फार थोडं, कारण मध्येच प्लेटांची थप्पी रचलेली असे. पण ऐकू मात्र सगळं यायचं.

नवा आलेला माणूस खिडकीशी येऊन म्हणे, "ताई, एक नोझल द्या."

ताई चष्म्यावरून त्याच्याकडे बघायची. "एक चहा द्या म्हणावं तसं म्हणतोयस रे! काम कसलं, पत्र्याचं की जाड प्लेटचं?"

तो गोंधळायचा. मग ताई वेल्डिंगच्या बंदुकीच्या तोंडाला बसणारी दोन्ही नोझलं त्याच्यापुढे ठेवायची. हे अरुंद तोंडाचं. पातळ पत्र्याला हे, आणि आतली टिप, जिच्यातून तार येते ती, अगदी तोंडाशी आणलेली. यात तार पत्र्याला टेकते, वितळते, परत टेकते. उष्णता बेताची, म्हणून पत्र्याला भोक पडत नाही. आणि हे रुंद तोंडाचं, जाड प्लेटला. यात टिप तीन मिलिमीटर आत घ्यायची. तार कुठे टेकतच नाही, धातू बारीक फवारा होऊन उतरतो. भट्टीसारखा जाळ असतो, म्हणून टिप आत लपवायची आणि गॅसही जास्त सोडायचा.

वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून हा गॅस, आणि त्याचे मिक्स सिलिंडर दोन तऱ्हेचे येत. आर्गॉनमध्ये पंचवीस टक्के कार्बन डायऑक्साइड घातलेला, तो पत्र्याला; दहा टक्के घातलेला, तो प्लेटला. शेडमध्ये त्यांना नुसतं 'पंचवीस' आणि 'दहा' म्हणत. रंग एकच, उंची एकच, फरक काय तो मानेला बांधलेल्या चिठ्ठीचा. प्लेटला चुकून पंचवीस लावलं, तर व्होल्टेज कितीही चढवा, नीट फवारा होत नाही. धातूचे थेंब मोठे होतात, ठिणग्या उडतात, आणि सांधा वरून बरा दिसला तरी आत कच्चा राहू शकतो.

हे सगळं ताईला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ती ऐकून शिकली. पत्र्याचं काम चाललं की तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसं तडतडायचं. प्लेटचा फवारा लागला की तडतड थांबे आणि उंचावरून बारीक वाळू ओतत राहावी तशी एकसारखी सळसळ येई. ती सळसळ सगळ्यात सुरेख काढायचा तो तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळी शेड कानसेन म्हणायची.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सतरा. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत मास्तरांची बोलणी खाण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. अठराव्या वर्षी त्याला हाताला धरून या शेडमध्ये आणलं तेही तिनेच. तेव्हाचे म्हातारे उस्ताद त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधत आणि विचारत, "सांग, आता कोण काय करतंय?" हा सांगायचा, तिसऱ्या नंबरवर पत्रा चाललाय, पाचव्यावर व्होल्टेज कमी पडतंय, सातव्याच्या नोझलात कचरा अडकलाय. उस्ताद ताईकडे बघून म्हणत, "पोरगं कानाने वेल्डिंग करतंय, बाई!" तो दिवस आठवला की ताईला आजही उगाच नीट बसावंसं वाटायचं.

चौतीस वर्षांत ताईच्या हातून दोनदा चुकीचं सिलिंडर गेलं. दोन्ही वेळा पाच मिनिटांत कानसेन खिडकीशी हजर. "ताईसाहेब, झोप झाली का? हे दहा नाही, पंचवीस आहे." एक इंचाचा सांधा घालून आवाजावरून त्याने ओळखलेलं असायचं. त्यामुळे ताई निर्धास्त होती. आपलं काही चुकलंच तर पलीकडे तो आहे.

एकच गोष्ट तिला खटकायची. दर महिन्याला प्रत्येकाला कानात घालायचे पिवळे स्पंजचे बोळे द्यायचे, आणि वहीत त्याच्या नावापुढे खूण करायची, असा नियम होता. सगळे घेत. कानसेन घेत नसे.

"कान बुजवल्यावर काम काय नाकाने ऐकू?" तो म्हणायचा.

"अरे, बहिरा होशील एक दिवस."

"झालो तर बरंच. बायकोची बोलणी वाचतील."

साहेब वही तपासत. खूण नसेल तर कामावरून परत पाठवत. म्हणून ताई त्याच्या नावापुढे खूण करायची आणि त्याचे बोळे खालच्या खणात टाकायची. धाकट्या भावासाठी एवढं कोण करत नाही?

ताईच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. शेडमध्ये सामान उचलण्याची एक लोखंडी चौकट बनवायला घेतली होती. वर अवजड यंत्र टांगलेलं राहणार आणि खाली माणसं काम करणार. जाड प्लेट, लांब सांधे. असं काम कानसेनशिवाय कुणाला देणार? सकाळी त्याचं सिलिंडर संपलं आणि गाडीवाला नवं मागायला आला. ताई चहाच्या कपात बिस्किट बुडवत होती. "डावीकडच्या रांगेतलं ने," ती मागे न वळताच म्हणाली. दहाची रांग नेहमी डावीकडेच असे. पण त्या दिवशी सिलिंडर उतरवणारा माणूस नवा होता आणि त्याने रांगा उलट लावल्या होत्या.

थोड्या वेळाने शेडमधून आवाज आला. वाळू ओतली जात होती, पण वाळूत मधूनच खडे पडत होते. सळसळ, सळसळ, टप्प. पुन्हा सळसळ, टप्प, टप्प.

ताईने कप खाली ठेवला, मागे जाऊन डाव्या रांगेतल्या चिठ्ठ्या वाचल्या. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. तिने कपाळावर हात मारला. आता येईल कार्टा, ताईसाहेब म्हणत टोमणा मारेल. ती खिडकीशी उभी राहून त्याची वाट बघू लागली.

तो आला नाही. टप्प, टप्प चालूच. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

ती खिडकी लावून शेडमध्ये गेली. त्याने मुखवटा वर केला होता आणि सांध्याकडे बघत होता. ती त्याच्या अगदी पाठीशी उभी राहून म्हणाली, "काय रे, गॅस बघितलास का?" तो वळला नाही. ती दुसऱ्यांदा म्हणाली, जरा मोठ्याने. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने वळून पाहिलं, याने नाही. मग तिने समोर जाऊन विचारलं, तशी त्याची नजर तिच्या डोळ्यांवर न येता ओठांवर आली.

"प्लेटला गंज आहे गं," तो म्हणाला. "म्हणून ठिणग्या उडतायत."

ताईने प्लेटकडे पाहिलं. घासून लख्ख केलेली, तोंड बघून घ्यावं अशी प्लेट होती.

घरी भावजय कधीपासून म्हणत होती, "वन्सं, हल्ली यांना चार हाका मारल्याशिवाय ऐकूच जात नाही." आणि ताई हसून म्हणायची, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली की सगळ्या नवऱ्यांचं तसंच होतं." दोघी हसायच्या. त्याच्या त्या मुखवट्यामागे काय चाललंय हे दोघींपैकी एकीलाही कळलं नव्हतं.

ताईने त्याला दंडाला धरून सामानाच्या खोलीत आणलं आणि स्टुलावर बसवलं. लहानपणी परीक्षेत नापास होऊन आला की असाच बसवायची.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी नाटक करू नकोस. तुझं नाक मी पुसलेलं आहे."

तो खाली बघत राहिला. "दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले. भांड्यांचे, मोबाइलचे. मग सळसळ गेली. तडतड अजून येते थोडी, भिंतीपलीकडून यावी तशी."

"मग काम कसं करत होतास रे?"

त्याने मुखवटा उलटा करून दाखवला. आत चिकटपट्टीवर बारीक अक्षरात आकडे लिहिलेले होते. एवढी जाड प्लेट असेल तर एवढं व्होल्टेज, तारेचा वेग एवढा, नोझल कुठलं, टिप किती आत. ज्याने जन्मात कधी आकड्याकडे पाहिलं नव्हतं, तो पाठ न झालेलं पोर चिठ्ठी लपवतं तशी चिठ्ठी लपवून दोन वर्षं काम करत होता. आकडे बरोबरच होते. फक्त गॅस बदललाय हे आकड्यांना कळलं नव्हतं.

"आज एकदाच चुकलं," तो म्हणाला. "आणि तेही तुझ्यामुळे."

"हो. माझ्यामुळे."

ती एवढ्या लगेच कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो मऊ झाला. "ताई, कुणाला सांगू नकोस. हा सांधा मी कापून नव्याने घालतो. पुढे तू ऐक ना माझ्यासाठी. आवाज बिघडला की खिडकीतला दिवा लाव."

"मुखवट्याच्या त्या काळ्या काचेतून तुला दिवा दिसेल?"

"मग माझ्या पायाला दोरी बांध. बिघडलं की ओढ."

"आणि सहा आठवड्यांनी? दोरी घरी बसून ओढू?"

दोघंही हसले. मग हसू तिथेच थांबलं आणि दोघांना एकमेकांकडे बघवेना.

"त्या चौकटीखाली माणसं उभी राहणार आहेत," ताई म्हणाली. तिने हे अगदी हळू म्हटलं होतं, पण तो ओठांकडे बघत होता.

सांधा त्याने स्वतःच कापून काढला. ताईने चिठ्ठी दोनदा वाचून दहाचं सिलिंडर पाठवलं. नोझल ठिणग्यांनी भरलं होतं, म्हणून नवं रुंद तोंडाचं दिलं. टिप किती आत आहे ते त्याने सवयीने अंगठ्याने चाचपलं. मग ताईने एक जादा मुखवटा उचलला, जाड कोट अंगात चढवला आणि ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. डाव्या हाताने मुखवटा तोंडाशी धरून तिने उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"आवाज बरोबर लागला की दाबीन. बिघडला की सोडीन."

काळ्या काचेतून तिला फक्त एक पांढरा बिंदू दिसत होता. आधी थोडी तडतड आली. त्याने डावा हात मशीनच्या बटणाकडे नेला, जरा फिरवलं, अजून जरा. मग वाळू सुरू झाली. एकसारखी, एकही खडा नसलेली. ताईने खांदा दाबला. तो खांदा ढिला पडला, दोन वर्षं आवळून धरलेला असावा तसा. सांधा संपेपर्यंत तिने हात सोडला नाही. चौतीस वर्षं जे ती लांबून ऐकत आली होती ते आज हाताभरावर होतं, आणि ते ज्याचं होतं त्यालाच ऐकू येत नव्हतं. मुखवट्याच्या आत ताईचे डोळे भरून वाहू लागले. पुसायला हात मोकळा नव्हता.

सांधा थंड झाल्यावर त्याने मुखवटा काढला, सांध्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कसा वाजला?"

"तुझ्यासारखा," ती मोठ्याने म्हणाली.

तो मुखवटा बाजूला ठेवून, हातमोजे काढून सरळ साहेबांच्या खोलीकडे चालू लागला. ताईने त्याला जा म्हटलं नाही आणि थांबवलंही नाही. ती मागोमाग गेली.

साहेब माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून त्याने चौकटीची पूर्ण तपासणी करायला सांगितली. उद्यापासून यांना मशीनवर उभं करता येणार नाही, मालाच्या मोजमापाला घेऊ, असं म्हणाला. मग त्याने वही उघडली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण यांच्या नावापुढे तर दर महिन्याला बोळे घेतल्याची खूण आहे. घालत होते ना?"

"खुणा माझ्या आहेत, साहेब," ताई मान खाली घालून म्हणाली. "त्याने एकदाही घेतले नाहीत. मी दर महिन्याला खोटी खूण केली."

परत येताना भावाने विचारलं, "मान खाली घालून काय बोललीस तू? मला दिसलं नाही."

खोलीत आल्यावर ताईने खालचा खण ओढला. तो पूर्ण उघडेना, इतका भरला होता. पिवळे बोळे, जोडी जोडीने, पिशवीतच बंद. वर्षानुवर्षांचे. तळातले तर रंग जाऊन पांढरे पडले होते.

त्याने खणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सगळं त्याच्या लक्षात आलं असावं.

"मी घेतलेच नसते गं," तो म्हणाला. "तू पाय धरले असतेस तरी."

"धरायला हवे होते."

तिचे ओठ थरथरत होते. त्याला वाचता आलं की नाही कोण जाणे. त्याने एक पिशवी फाडली, बोळा दोन बोटांत दाबला, तो हळूहळू फुगताना बघितला आणि म्हणाला, "दे, आता घालतो. आता काय राहिलंय ऐकायचं?" आणि मोठ्याने हसला. बहिऱ्या माणसांना आपलं हसू किती मोठं आहे ते कळत नाही, तसा.

मग त्याने मशीनवरून उतरवलेलं ते रुंद तोंडाचं नोझल खिशातून काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि तो मोजमापाच्या खोलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी चौकटीचे उरलेले सांधे घालायला दुसरा वेल्डर आला. "ताई, रुंद तोंडाचं द्या. प्लेट आहे."

ताईने तेच नोझल साफ करून ठेवलं होतं. ते तिने दिलं आणि सोबत पिवळ्या बोळ्यांची पिशवी. "घाल."

"घालतो की, तिकडे गेल्यावर."

"इथे घाल. माझ्यासमोर."

त्याने कानांत बोळे सारले, ताईने वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि मगच वहीत खूण केली. थोड्या वेळाने प्लेटांच्या थप्पीमागून सळसळ आली. चांगली होती. बोळे घालूनही नीट लागली होती. ताई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसली. चहा तसाच निवला, आणि ती सळसळ भावाची नव्हती.