ओळ कुठे धरायची

ऑफिसात त्याला सगळे भिंगोबा म्हणायचे. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दाखवायची, एवढ्या एकाच कामामागे हा माणूस हात धुऊन लागला होता आणि केस पांढरे झाले तरी लागलेलाच होता. बरोबरीचे इंजिनिअर कंपन्या बदलत गेले, मोठाल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. हा आपला तिथेच. अक्षर खूप मोठं केलं की त्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसायला लागतात. त्या गुळगुळीत कशा करायच्या, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. पण जमवलं त्याने. त्याचं पेटंटसुद्धा निघालं.

त्याच्या टीमची एक रीत होती. पोहताना घालतात तसले चष्मे टेस्टिंगच्या खोलीत टांगलेले असायचे, काचांना मलम फासलेले. कमी दिसणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळावं, म्हणून ही कल्पना भिंगोबाचीच. नवीन माणूस आला की त्याला चष्मा चढवायचा. मग तो चाचपडत दारावर आपटायचा, सगळे हसायचे, आणि थोड्या वेळाने गंभीर होऊन कामाला लागायचे. प्रोग्रॅममध्ये काहीही नवीन केलं की त्या चष्म्यातून बघायचं. त्यातून चांगलं दिसलं म्हणजे पास. मलमातून सगळंच सारखं धूसर दिसतं, मधलं काय नि कडेचं काय, पण यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आता हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कुठून, तर ताईमुळे. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण कुणी उलगडूनही बघत नाही, तो तपासायचं काम ती करायची. एका छापखान्यात प्रूफरीडर होती. मूळ मजकूर आणि छपाईला जाणारं प्रूफ डोळ्यांत तेल घालून ताडून बघायचं, एक टिंब इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. आणि नेमके तिचेच डोळे जायला लागले. सगळे नाही. नजरेचा मधला भाग तेवढा गेला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. चष्म्याने काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

ताईने तेव्हा रडारड केली नाही. ती फक्त म्हणाली, "मला घरी बसवू नका रे. मला दुसरं काहीच येत नाही."

भिंगोबा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. त्याने जेवणाच्या टेबलावर बसून स्क्रीन मोठी करणारा पहिला प्रोग्रॅम लिहिला. अगदीच कामचलाऊ. त्यात एक खोड होती, तिची त्याला पुढे लाज वाटायची. कर्सर स्क्रीनच्या कडेला जाऊन टेकेपर्यंत चित्र हलायचंच नाही. त्यामुळे खाली खाली वाचत गेलं की चालू ओळ सारखी तळाला चिकटलेली. ताईने तो छापखान्यात नेला, आणि तिची नोकरी टिकली.

पुढे कंपनीत आल्यावर भिंगोबाने पहिलं काम काय केलं असेल, तर ती खोड काढली. कर्सर जिथे असेल ती ओळ आपोआप स्क्रीनच्या बरोब्बर मध्यावर आणायची, आणि तीही हलकेच, झटका न बसता. ही त्याची सगळ्यात गाजलेली करामत, हिचंही पेटंट त्याच्याच नावावर. प्रोजेक्टरवर डेमो दाखवला की समोरची साहेबमंडळी माना डोलवायची. डायरेक्टरबाई तर म्हणायच्या, "नुसतं हे सरकणं दाखवा, बाकी काही बोलू नका. ऑर्डर येते." आणि यायची.

दर नवीन व्हर्जन निघालं की तो घरच्या लॅपटॉपवर ताईला दाखवायचा. ताई दोन ओळी वाचायची आणि म्हणायची, "छान झालंय रे." तो खूश. पुढचा आठवडाभर त्याचे पाय जमिनीवर नसायचे. बायको म्हणायची, "तुम्हाला पगारवाढ झाली तरी एवढा आनंद होत नाही." ते खरंच होतं.

असं छान चाललेलं असताना एक दिवस छापखान्याच्या मॅनेजरचा त्याला फोन आला. ताईचा नव्हे, मॅनेजरचा. मॅनेजर भला माणूस होता, आढेवेढे घेत बोलला. छापखान्यातले जुने कॉम्प्युटर महिनाअखेरीस काढून टाकणार होते. ताईला नवं मशीन आणि त्यावर भिंगोबाच्या कंपनीचं सगळ्यात नवं व्हर्जन दिलं होतं. आणि तेव्हापासून तिच्या हातून चुका व्हायला लागल्या होत्या. परवा लहान मुलांच्या सिरपच्या कागदावर अडीचचे पंचवीस झाले होते. मधला पॉइंट उडालेला, आणि ताईने प्रूफ पास केलेलं. दुसऱ्या तपासनिसाने पकडलं म्हणून निभावलं.

"आणि खरं सांगू का," मॅनेजर म्हणाला, "बाई हल्ली स्क्रीनकडे बघतच नाहीत. छताकडे बघत बसतात. मन लागत नसेल. महिनाअखेरीला एकदा मी स्वतः शेजारी बसून त्यांच्याकडून एक प्रूफ करून घेतो. नाहीच जमलं तर त्यांना फोन घ्यायला बसवू. पगार तोच राहील."

पगार तोच! ताईला फोनवर बसवणं म्हणजे तिला घरी बसवण्यासारखंच होतं, हे भिंगोबाला चांगलं ठाऊक होतं. पण काळजीहून जास्त त्याला राग आला, आणि खोटं कशाला बोला, तो ताईचाच आला. एवढं उत्तम व्हर्जन हाताशी असून हिला वापरता येत नाही म्हणजे काय? सेटिंग नीट केलं नसेल. शिकवायला हवं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो छापखान्यात गेला.

इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदा जात होता, हे त्याला जिना चढताना लक्षात आलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. ताईची खोली चिंचोळी होती. शाईचा वास, कागदाचे गठ्ठे, खिडकीजवळ तिचं टेबल. त्याची हाक ऐकून ताई दचकली.

"तू इकडे कसा?"

"तुला दोन गोष्टी दाखवायला आलोय. तू आपली वाच, मी बघतो."

ताईने वाचायला घेतलं, आणि तो मागे उभा राहून बघू लागला. ओळ मध्यावर आली. ताईने मान मागे टाकली, हनुवटी वर केली आणि नजर थेट छताला लावली. बाणाचं बटण दाबलं. चित्र सरकलं. तिने माऊसने ते ढकलून खाली नेलं. पुढचं बटण दाबताच प्रोग्रॅमने ओळ परत मध्यावर आणून ठेवली. तिने पुन्हा ढकललं. त्याने पुन्हा आणलं. तीन ओळी होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला आणि ती मानेवर हात दाबून थांबली. मॅनेजर म्हणत होता ते मन न लागणं म्हणजे हे.

"अगं, तू ढकलतेस कशाला? ते आणतंय ना मध्यावर!"

"मध्यावर आणतंय म्हणूनच तर ढकलतेय!" ताई एकदम कडाडली. "मध्ये मला काही दिसतं का? मध्ये भोक आहे माझ्या नजरेला. मी वर बघते तेव्हा मला खालचं दिसतं. एवढं तुला माहीत नाही?"

माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. पण मलमाच्या चष्म्याला मध्ये भोक नव्हतं, आणि भिंगोबा सगळं त्या चष्म्यातून बघत आला होता.

"मग इतके दिवस कशी वाचत होतीस?"

ताईने कोपऱ्यातल्या जुन्या, पिवळट पडलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. महिनाअखेरीस जाणार होतं ते. भिंगोबाने ते चालू केलं आणि बघतच राहिला. त्याने जेवणाच्या टेबलावर लिहिलेला तो पहिला प्रोग्रॅम. ओळ तळाला चिकटलेली. ताई नजर स्क्रीनच्या मध्यावर ठेवायची आणि तळाची ओळ नजरेच्या कडेने घडाघडा वाचायची. जी खोड काढायला त्याने इतका आटापिटा केला, तिच्यावरच ताईची सगळी नोकरी झाली होती.

"म्हणजे मधलं एकही व्हर्जन तू वापरलं नाहीस?"

"नाही."

"आणि मला छान झालंय म्हणत राहिलीस?"

"मग काय म्हणणार? तू चेहऱ्यासमोर लॅपटॉप धरायचास आणि विचारायचास, छान आहे ना? छान आहे ना म्हणून विचारल्यावर माणूस काय उत्तर देणार? बरं, तू इतका खूश असायचास. माझ्यासाठी करतोय म्हणायचास. माझी जीभच रेटायची नाही."

"ताई, अगं ते शेकडो लोक वापरतात!"

"त्यांनाही विचार मग. पण असं नको विचारूस."

भिंगोबा तिथल्या गठ्ठ्यावर बसला. रागावायला आता कुणी उरलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "वाच. मी बोलत नाही. नुसता बसतो." आणि दिवसभर तो खरोखर नुसता बसून राहिला, त्याला जन्मात जमलं नव्हतं ते.

डायरेक्टरबाईंनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. त्याला हवं होतं ते असं, की प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की ओळ स्क्रीनभर हळूहळू फिरवायची, आणि वापरणाऱ्याला जिथे ती सगळ्यात नीट दिसेल तिथे त्याने बटण दाबायचं. मग ओळ कायम तिथेच धरायची. वर, खाली, कोपऱ्यात, कुठेही.

"उघडल्या उघडल्या प्रश्न?" बाई म्हणाल्या. "आणि डेमोत दाखवायचं काय? विकत घेणाऱ्या साहेबांना तर मध्यावरच बघायला आवडतं."

"साहेबांना सगळीकडेच दिसतं, बाई. ते कशाला वापरतील?"

"पैसे ते देतात."

"तर मग डेमोत मध्यावर दाखवा. मध्यावर आणण्याच्या पेटंटवर माझंच नाव आहे आणि मीच सांगतोय, बाहेर जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा प्रश्न आधी आला पाहिजे. नसेल घ्यायचा तर माझं नाव काढा प्रोग्रॅमवरून."

बाईंनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. भिंगोबा असा कधी बोलला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "घाला. पण डेमोला हात लावायचा नाही." असा तो सौदा झाला. भिंगोबाने टेस्टिंगच्या खोलीतले चष्मे उतरवून खोक्यात भरले, आणि ज्यांना खरोखर कमी दिसतं अशा माणसांना बोलावून त्यांच्या शेजारी गप्प बसायला टीमला लावलं. टीमने आधी कुरकुर केली. मग पहिल्याच दिवशी त्यांना इतकं काही ऐकून घ्यावं लागलं की कुरकुर करायला तोंड राहिलं नाही.

महिनाअखेरीला तो पुन्हा छापखान्यात गेला. जुनं मशीन आदल्याच दिवशी उचलून नेलं होतं. नव्या मशीनवर भिंगोबाने नवं व्हर्जन चढवलं आणि तो बाजूला उभा राहिला. ओळ फिरू लागली. वरून आली, मध्यावरून गेली, खाली आली. तळाशी, जरा डावीकडे, ताईने बटण दाबलं. ओळ तिथे थांबली.

मॅनेजर खुर्ची ओढून शेजारी बसला. त्याने मूळ मजकूर आणि प्रूफ उघडलं. कुठल्याशा थेंबांचा कागद होता, मुलांना द्यायचे. हे जमलं नाही तर ताई फोनवर बसणार, आणि आता परत जायला जुनं मशीनही नव्हतं. भिंगोबाने पुढे वाकून वाचायचा प्रयत्न केला. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ओळ अशी तळाच्या कोपऱ्यात, बाकी सगळा मजकूर वर तरंगणारा. त्याला स्वतःला एक वाक्य धड वाचवेना.

ताई ताठ बसली होती. बाणाचं बटण लयीत वाजत होतं. एके ठिकाणी थांबून ती म्हणाली, "इथे पॉइंट गळलाय. मुळात दीड आहे, इथे पंधरा." पुढे गेली. "हा इशारा मुळात ठळक आहे, इथे साधा." पुढे गेली. मॅनेजर टाचण करत होता. मग त्याने टाचण करणं थांबवलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "बाई, फोनवर दुसऱ्या कुणाला तरी बसवतो मी." आणि पुढचं प्रूफ पाठवायला निघून गेला.

भिंगोबाचे डोळे भरून आले. कधी नव्हे इतका तो सुखावला होता. आता ताई वळेल आणि काहीतरी म्हणेल, म्हणून तो टेबलाशी उभा राहिला. ताई वळली नाही. पुढचं प्रूफ आलं होतं आणि ती वाचत होती. इतकी वर्षं त्याच्या लॅपटॉपवर ती दोन ओळी वाचायची ती त्याला बरं वाटावं म्हणून. आज तो इथे उभा आहे, हेच ती विसरून गेली होती.

तो तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने स्क्रीनवरची नजर न हलवता ताई म्हणाली, "कोण आहे तिथे? जरा सरका हो, खिडकीचा उजेड अडतोय."

भिंगोबा बाजूला झाला.