डाव्या पायाचा मोजा

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, म्हणजे मग निवांत बोलता येईल. मी एक जुना मोजा आहे. डाव्या पायाचा. तपकिरी, जाड, लोकरीचा. सध्या कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. माझ्यात खोट म्हणाल तर एकही नाही. ना भोक, ना सुटलेला टाका. असा धडधाकट मोजा घरी बसून का, हे विचाराल, तर तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका तक्रारीतून झाला. या घरातले आजोबा शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण सगळी गल्ली त्यांना अजून सरच म्हणते. उभं आयुष्य मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेलेलं. ते एकदा पलंगावर बसून म्हणाले, "डावा पाय गार पडतो गं हल्ली."

"दिवसभर पंख्याखाली बसता, गार नाही पडणार तर काय?" आजी म्हणाली, आणि तिने त्यांचा जुना स्वेटर उसवायला घेतला. उजव्या पायाची काही तक्रार नव्हती, पण एकच मोजा कोण विणतं? म्हणून आम्ही दोघे जन्माला आलो.

तिने आम्हाला जीव लावून विणलं, यात शंका नाही. पण मित्रांनो, मोजा स्वतः ऊब तयार करत नाही. आतली असेल ती धरून ठेवतो. उजव्याच्या आत होती, तो खुशाल होता. माझ्या आत पुरेसं रक्तच पोचत नव्हतं. पायाकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चोंदत चालली होती. तरुणपणीच्या सिगारेटी होत्या, पुढे साखर आली, त्याचा हा प्रसाद. आणि वरून मी, चांगला जाडजूड, रुबाबदार.

सर रोज सकाळी कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला जायचे. चढ लागला की पोटरी अशी धरायची, की जणू कुणी मुठीत आवळतंय. मग ते भांड्यांच्या दुकानासमोर थांबायचे आणि काचेतल्या किटल्या न्याहाळायचे. जरा थांबलं की कळ जायची. पुढे निघालं की पुन्हा हजर. एकदा दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "सर, एवढं रोज बघता, घेऊन टाका की एक." सरांनी निमूटपणे किटली घेतली. घरात आधीच दोन होत्या. आजी दिवसभर कुरकुरत राहिली, पण पाय दुखतो म्हणून थांबलो होतो, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पोरांना मधेच थांबलं म्हणून ज्याने दमात घेतलं, तो हे कसा कबूल करणार?

दवाखान्यात मात्र ते बोलले, एवढं श्रेय त्यांना द्या. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांसाठी जावंच लागायचं. डॉक्टर वर्षानुवर्षांच्या ओळखीचे, माणूस चांगला, पण बाहेर रांग ही एवढी. सरांच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "बाकी काय?"

"चालताना डाव्या पोटरीत कळ येते."

"वय झालं, सर. चालणं जरा कमी करा." मग त्यांची नजर खाली गेली. "वा, मोजे झकास आहेत हं."

"मिसेसनी विणलेत."

झालं, विषय संपला. माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं आहे. अहो, माझ्या काठात दोन बोटं घालून मला खाली ओढायचं होतं. आत केस झडलेला, चकाकणारा, फिकट पाय दिसला असता. घोट्यामागे बोट ठेवलं असतं तर नाडी लागली नसती. हाताचा आणि घोट्याचा दाब ताडून बघायचं छोटं यंत्र त्याच खोलीतल्या कपाटात धूळ खात होतं. पण म्हाताऱ्या माणसाला मोजा काढायला वेळ लागतो, आणि घालायला त्याहून जास्त. सरही काही काढतो म्हणाले नाहीत. नखं वाढलेली, डॉक्टरांच्या पुढ्यात पाय कसा करायचा? एकाला घाई, दुसऱ्याला संकोच, आणि मी आपला जागच्या जागी.

असं दोन वर्षं चाललं. आजी पोटरीला मलम चोळायची आणि वरून मला चढवायची. झोपेत सर पाय पलंगाखाली सोडायचे, कारण तसं जरा बरं वाटायचं. आजी तो उचलून पुन्हा पांघरुणात घालायची. मायेनेच घालायची हो, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

मग नव्या बुटाने करंगळीला फोड आला. फोड कसला, डाळीएवढा. उजव्या पायाला आला असता तर चार दिवसांत वाळला असता. इथे तो काळा पडत गेला. मला आधी कळलं, कारण मी त्याला चिकटत होतो. पण मोज्याला तोंड कुठलं?

त्या खेपेला नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कळ कुठे येते ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही मोजे काढा."

"दुखतं पोटरीत. मोजे कशाला?"

"काढा तर."

मी निघालो, आणि माझ्याबरोबर करंगळीची खपली निघाली. बाईंनी बोटांनी नाडी शोधली, पुन्हा शोधली, मग कपाटातलं ते यंत्र फडक्याने पुसून घेतलं. हाताच्या मानाने पायात निम्माही दाब नव्हता.

"हे केव्हापासून आहे?"

"दोन वर्षं झाली."

"मग दाखवलं का नाही कुणाला?"

सर म्हणाले, "इथेच दाखवत होतो."

मोठ्या इस्पितळात रक्तवाहिनी उघडायची खटपट झाली. उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय गेला. चालणं कमी नव्हे, वाढवायला हवं होतं, हेही तिथेच कळलं. घरी आल्यावर मुलगी मला कचऱ्यात टाकायला निघाली, तर आजीने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे. मी विणलाय," एवढंच म्हणाली. ती मला अजून उजव्याबरोबर धुते, वाळवते, आणि एकात एक गुंडाळून ठेवते. मला राग येतो, मित्रांनो. नुसतं बघायचं होतं, आणि तेवढंही झालं नाही, याचा येतो.

उजवा अजून कामावर जातो. परवा येऊन त्याने सांगितलं. सर कुबड्यांवर दवाखान्यात गेले. नेहमीचेच डॉक्टर होते. खुर्चीत टेकताच सर वाकून मोजा काढायला लागले. बराच वेळ लागला.

"राहू द्या, सर. आज फक्त बीपी बघायचंय."

"बीपी नंतर." सरांनी उघडा पाय डॉक्टरांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला. "उरलेला हा एवढाच आहे. आधी याची नाडी बघा."

डॉक्टर खाली वाकले. बाहेर रांग खोळंबली होती, तरी त्यांची बोटं घोट्यावर बराच वेळ होती, असं उजवा म्हणतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस चालता चालता किटल्या बघत थांबत असेल, पाय गार पडतो म्हणत असेल, तर त्याला नवे मोजे विणू नका. आहेत ते आधी काढा.