सहावीच्या छतावरच्या खुणा

अचलपूरच्या त्या मुलींच्या शाळेवर सिमेंटचे जुने पत्रे होते, ॲस्बेस्टॉसवाले. तडा वाढला की त्यातून झडणारी बारीक धूळ छातीत बसते. म्हणून शाळेची डागडुजी बघणारा परवेज दर तीन महिन्यांनी शिडीवर चढायचा, प्रत्येक तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ ओढायचा आणि तारीख टाकायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आता अमरावतीहून तपासणीला अनुपमा नावाची इंजिनिअर आली, तर मुख्याध्यापिका सबीहाबाईंनी तिच्यासाठी काचेचे कप काढले! परवेजला आठ वर्षांत स्टीलच्या ग्लासापलीकडे काही मिळालं नव्हतं. त्याच्या पोटात असं दुखलं की विचारू नका. आपल्या खुणा बघून ही बया अहवाल लिहिणार आणि वर शाबासकीही घेणार? ती चहा पीत होती तेवढ्यात त्याने सगळ्या खुणा फडक्याने पुसून टाकल्या. फडकं मात्र बादलीत बुडवून ओलं घेतलं. कोरडं घासलं तर धूळ उडते, एवढं भान त्या जळफळाटातही होतं.

अनुपमाने मास्क लावून सहावीचं छत पाहिलं आणि नोंद केली: तडा जुना, स्थिर. वर्षभराने पुन्हा बघावा.

चुकली! परवेज मनातल्या मनात नाचला. तो तडा वर्षात चार बोटं सरकला होता.

“चला,” सबीहाबाई म्हणाल्या, “मग सातवीच्या पोरीही इथंच बसवू.”

परवेजच्या तोंडचं पाणी पळालं. “नका बसवू, बाई. तडा वाढून राहिला. मी खुणा केल्या होत्या, आत्ताच पुसल्या.”

“काहून पुसल्या?”

“या मॅडमवर जळलो ना मी!”

सबीहाबाई अनुपमाकडे वळल्या. “पाहा, आताही जळूनच बोलून राहिले. पुरावा काय?”

पुरावा बादलीतल्या पाण्यात होता.

अनुपमाने नोंद खोडली. “स्वतःची अशी लाज काढून कुणी खोटं बोलत नाही, बाई. पत्रे बदलेपर्यंत ही खोली बंद ठेवा.”

पाच मिनिटांत कुलूप आलं. हेच परवेज दोन वर्षं सांगत होता, तेव्हा बाईंनी कान दिला नव्हता. आता ते कुलूप त्यानेच लावलं. पोरी सुटल्या म्हणून त्याला मनापासून हायसं वाटलं.

मागे सबीहाबाई अनुपमाचा हात धरून म्हणत होत्या, “बरं झालं तुमी आल्या, मॅडम. नाही तर आमाले कोण सांगणार होतं?”